टिल्लीचं उष्टं

१

टिल्लीची आई टिल्लीचं उष्टं खायची. त्यात सांगण्यासारखं काही नाही. लहान पोर असलेल्या घरात कोणती आई खात नाही? अर्धा चावलेला ब्रेड, चिवडून ठेवलेला भात, एका बाजूने कुरतडलेलं केळं. टाकून द्यायला जीव होत नाही आणि स्वतःचं वेगळं वाढून घ्यायला सवड नसते. मग ओट्याशी उभ्या उभ्या ते सगळं पोटात जातं आणि जेवण झालं असं म्हणायचं.

टिल्लीच्या बाबाला ते बघवत नसे. माणूस एरवी चांगला. बंदरांवरच्या क्रेन दुरुस्त करायचा, दिवसभर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालायचा. पण दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावायचं म्हटलं की याच्या पोटात ढवळायचं.

"अगं, तिच्या लाळेने भिजलेलं असतं ते सगळं."

"माझ्याच पोटातून आलेली लाळ आहे ती," असं म्हणून ती त्याच्याकडे बघत मुद्दाम मोठा घास घ्यायची.

तिला किळस परवडणारी नव्हतीच. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडांचे ठसे घेऊन पाठवायचे आणि ही त्यात प्लास्टर ओतून, मेणात दात बसवून कवळी तयार करायची. बारा वर्षं हेच केलं. रस्त्यात कोणी हसलं तरी हिची नजर आधी त्याच्या सुळ्यांकडे जायची.

बाबाला पंधरा आठवड्यांचं काम परदेशात मिळालं तेव्हा टिल्ली नुकती टायफॉइडमधून उठली होती. सहा वर्षांची पोर, पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तीन महिन्यांत दोन किलो तरी वाढायला हवेत, आता हिला आणखी उतरू देऊ नका. सासूबाई म्हणाल्या, "तिला माझ्यापाशी ठेव. परक्या मुलखात नेऊन पोरीला वाळवून आणशील." ते हिच्या जिव्हारी लागलं. "अहो आई, वजन वाढवूनच आणते की नाही बघा," ती म्हणाली. म्हणून बसली, आणि मग ते खरं करून दाखवणं भाग झालं.

तिकडे राहायला मिळालेल्या जागेत वजनाचा काटा नव्हता. पण सामान तोलायचा होता, मूठ आणि आकडा असलेला, विमानात बॅग जड होऊ नये म्हणून घेतलेला. पोहोचल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, बाबाने टिल्लीला कापडी पिशवीत बसवून काट्याला टांगलं. ती खदखदा हसत गोल गोल फिरत होती. सोळा किलो दोनशे ग्रॅम. आईने आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

२

जागा कंपनीने दिलेली, तळमजल्यावरची, समुद्रापासून दोन गल्ल्या अलीकडे. राहण्याची खोली, झोपायची खोली आणि बोळाला वळसा घातल्यावर एक अरुंद स्वयंपाकघर. सगळं सामान आधीच्या लोकांनी वापरून वापरून कंटाळलेलं. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या काचा आंधळ्या झालेल्या. चादरी कितीही वाळवल्या तरी दमट, आणि साखर डब्यात गोळा होऊन बसलेली. टेबल जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं. त्याच्या एका बाजूला दोन खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून एक लांब बाकडं, पेटीसारखं, वर उचलायचं झाकण असलेलं. टिल्लीने आल्या आल्या त्या बाकड्यावर कब्जा केला आणि तिची जागा ठरली.

टिल्लीला जेवायला घालणं म्हणजे आजवर नाकी नऊ. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, चिमणीचा घास, काऊचा घास, आणि एवढं करून तासाभराने भात तसाच गालात धरलेला. म्हणून रविवारी सकाळी जे झालं त्याने आईला हर्षच झाला. तिने लोणी लावलेले दोन ब्रेड आणि उकडलेलं अंडं टिल्लीपुढे ठेवलं, आत जाऊन बॅगेतली भांडी काढायला घेतली, आणि दहा मिनिटांत टिल्ली रिकामी ताटली घेऊन दारात उभी. ताटलीत ब्रेडचा एक तुकडा, बोटाएवढा.

"खाल्लंस? सगळं?"

"संपलं," टिल्ली म्हणाली.

आईने उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि तिचे पटापट मुके घेतले. तुकडा जरा खारट लागला, आणि जरा बुळबुळीत. इथे सगळंच खारट आणि सगळंच ओलं होतं, ओठसुद्धा.

दुपारी भात संपला. संध्याकाळी बटाटा संपला. सोमवारीही तेच. बाबा कामावर रुजू झाला होता, आई घर लावत होती, टिल्ली बाकड्यावर एकटी बसून जेवत होती आणि दरवेळी ताटलीत एखादा घास आईसाठी ठेवत होती. आईने सासूबाईंना फोन लावला आणि रिकामी ताटली कॅमेऱ्यासमोर धरली.

"समुद्राची हवा मानवली हो पोरीला."

"दृष्ट लावू नकोस," आजी म्हणाल्या. पण त्याही खूश होत्या.

त्या उरलेल्या घासांना चव कशी असायची ते आईला नंतर आठवत राहिलं. भाताची शितं एकमेकांना चिकटलेली, वर एक पातळ चकाकता थर. जिभेवर ठेवलं की घास आपोआप आत घसरायचा. तिने ते सगळं खाल्लं होतं. सहा वेळा.

३

मंगळवारी सकाळी टिल्लीने ताटली आणली तेव्हा आईचे हात साबणाचे होते. म्हणून घास तोंडात न जाता ओट्यावर खिडकीपाशी राहिला. अर्धा ब्रेड, लोणी जाड लावलेला. हात पुसून तिने तो उचलला, तोंडापर्यंत नेला आणि थांबली.

लोण्यात दातांचा ठसा उमटला होता, अगदी स्वच्छ. असा ठसा डॉक्टरांकडून आला असता तर तिने शाबासकी दिली असती. चूक एकच होती. तो टिल्लीचा नव्हता.

टिल्लीचे वरचे पुढचे दोन दात पडले होते. एक निघायच्या आदल्या दिवशी, दुसरा विमानात. तिथे करंगळी मावेल एवढी फट होती, आणि बोलताना त्यातून हवा जायची म्हणून बाबा तिला चिडवायचा. फट असलेल्या तोंडाने ब्रेड चावला की मध्ये एक जीभ राहते, लोण्याची आणि ब्रेडची. इथे जीभ नव्हती. इथे ओळ सलग होती.

तिने ब्रेड उजेडात धरला आणि सवयीने मोजायला लागली. चार पुढचे दात, मग दोन्हीकडे एक-एक सुळा, असं असायला हवं. सुळे कुठे नव्हतेच. एकसारखे दात, बारीक, तांदळाच्या दाण्यांसारखे, एकाला एक लागून. पुढच्या बाजूलाच चौदा. कमान इतकी रुंद की मोठ्या माणसाच्याही तोंडात बसू नये.

ब्रेडच्या कडेला लाळ वाळत होती. ती पांढरी नव्हती. किंचित करडी होती, आणि तिला भिजत ठेवून विसरलेल्या फडक्याचा वास होता.

आईने ब्रेड ओट्यावर टाकला. ती मोरीकडे धावली आणि पोटात होतं नव्हतं ते बाहेर पडलं. नंतर तिने मिठाच्या पाण्याने चूळ भरली, मग नुसत्या पाण्याने, मग टूथपेस्टने तीनदा दात घासले. तरी जिभेच्या मुळाशी तो थर बसलाच होता.

मग डोकं चालायला लागलं. पोरीने ब्रेडची घडी घालून चावला असेल. दोनदा चावला असेल, दोन ठसे एकात एक मिसळले असतील. चावून पुन्हा सरकवून चावला असेल. असं होतं. ठसे बिघडतात, तिने हजारो बिघडलेले पाहिले होते. तिने चीजचा एक जाड तुकडा कापला आणि टिल्लीला हाक मारली.

"चाव बघू यावर. खाऊ नकोस, नुसता चाव."

टिल्लीने चावलं. मध्ये फट, दोन्हीकडे दुधाचे छोटे दात, एका बाजूचा सुळा जरासा झिजलेला. तिच्या लेकीचं तोंड, ओळखीचं.

संध्याकाळी तिने बाबाला सहज विचारल्यासारखं केलं. "तू सकाळी टिल्लीच्या ताटलीतलं काही खाल्लंस?"

"मी?" त्याने चेहरा असा केला की उत्तराची गरजच राहिली नाही.

४

बुधवारी दुपारी आईने वरणभात कालवला, ताटली बाकड्यासमोर ठेवली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

टिल्लीने दोन घास खाल्ले, तिसरा चिवडला आणि ताटली लोटून दिली. अगदी पहिल्यासारखी.

"का गं? काल तर सगळं संपवलंस."

"तू जा ना आत."

"मी बसले तर काय होतं?"

"मग संपत नाही," टिल्ली म्हणाली.

आई उठली. बोळाचं वळण घेऊन स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, दोन भांडी वाजवली आणि नळ बंद करून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. फ्रीज घुरघुरत होता, तो थांबला. बाहेरून कोणी सायकल नेली. मग खाण्याचा आवाज यायला लागला.

टिल्लीला तोंड उघडं ठेवून खायची वाईट खोड होती. चपचप चपचप. त्यावरून ती रोज बोलणी खायची. हा आवाज तसाच होता, फक्त जास्त ओला. घास फिरवल्याचा, मग ओढून घेतल्याचा, मग मध्येच थांबून बोटं चाटल्याचा. ऐकता ऐकता आईच्या तोंडात आंबट पाणी आलं. पण जीवही भांड्यात पडला. खातेय की पोर. एकटीला खायला आवडतं एवढंच. किती उगाच घाबरलो आपण!

आणि टिल्ली गाणं गुणगुणायला लागली.

शाळेतलं गाणं, तिसऱ्या ओळीवर सूर हमखास घसरणारं. गाणं स्पष्ट ऐकू येत होतं, शब्द न् शब्द, घास नसलेल्या मोकळ्या तोंडाने म्हटलेलं. त्याच्याखाली चपचप तशीच चालली होती. एक क्षणही थांबली नव्हती.

आई किती वेळ ऐकत राहिली तिला सांगता आलं नसतं. गाण्याचं दुसरं कडवं संपलं तेव्हा ती बोळातून धावली.

टिल्ली बाकड्यावर एकटी. पाय हलवत बसलेली. गाल रिकामे, ओठ कोरडे. ताटली चाटूनपुसून लख्ख, आणि कडेला एक घास नीट गोळा करून ठेवलेला. टिल्लीच्या शेजारी बाकड्याच्या गादीवर ओला डाग होता, कोणी बसून उठावं एवढा.

"हा तुझा," टिल्ली घासाकडे बोट दाखवून म्हणाली.

५

गुरुवारी सकाळी बाबा कामावर निघायच्या आधी आईने टिल्लीला पुन्हा काट्याला टांगलं. यावेळी टिल्ली हसली नाही, मुकाट्याने गुडघे पोटाशी घेऊन पिशवीत बसली. पंधरा किलो शंभर.

"बॅगांचा काटा आहे तो," बाबा म्हणाला. "त्याचं काय खरं मानतेस?"

"बॅगांचा असला तरी पाच दिवसांत किलोभर खोटं बोलेल का?"

"मग तू म्हणतेस ती सगळं खातेय आणि वाळतेय. डॉक्टरला दाखवू."

"ती खात नाहीये! दुसरं कोणीतरी खातंय!"

बाबाने बॅग खांद्यावरून खाली ठेवली. आई स्वयंपाकघरातून एक ब्रेड घेऊन आली, टिल्लीच्या सकाळच्या ताटलीतला. तिने तो स्वतःही नीट पाहिला नव्हता, त्याला दाखवायच्या घाईत होती. बाबाने किळस आवरत, कडेला धरून तो ब्रेड बघितला. मग बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

"अगं," तो हळू आवाजात म्हणाला, "हे तर तूच चावलंयस."

तिने बघितलं. परवा एकसारखे असलेले ते बारीक दात आता एकसारखे नव्हते. ते रुंद झाले होते. डावीकडचा दुसरा दात तिरका होता, शेजारच्यावर किंचित चढलेला. असा दात जगात एकाच माणसाच्या तोंडात असल्याचं तिला माहीत होतं, कारण त्या तोंडाचा प्लास्टरचा ठसा बारा वर्षं तिच्याच कामाच्या टेबलावर पेपर उडू नयेत म्हणून ठेवलेला होता. तिने दुसरा ब्रेड घेतला, त्यावर लोणी फासलं आणि स्वतः चावला. दोन्ही शेजारी ठेवले. डावं-उजवं करायची सोय नव्हती.

"तुला आठवत नाही इतकंच," बाबा म्हणाला. तो प्रेमाने बोलत होता, तेच तिला सहन होईना. "दमली आहेस. तिचं खायची तुला सवयच आहे. उभ्या उभ्या खातेस आणि विसरून जातेस."

तिलाही ते क्षणभर पटलं, सांगायला काय हरकत आहे? चक्रम होणं परवडलं असतं. आपणच लेकीच्या तोंडचा घास पळवतो आणि आपल्यालाच कळत नाही, हे भयंकर होतं, पण त्यावर औषध होतं. ती टिल्लीसमोर गुडघ्यांवर बसली.

"टिल्ली, खरं सांग हं. मी रागवणार नाही. तुझं कोण खातं?"

"तूच ना."

बाबाने एक सुस्कारा सोडला.

"मी कधी खाते?"

"रोज. तू येतेस, इथे शेजारी बसतेस, आणि मी दोन घास खाल्ले की म्हणतेस, आण इकडे, मी संपवते."

"मी तर आत असते गं."

टिल्लीने यावर विचार केला. "तू आत असतेस तेव्हाच येतेस," ती म्हणाली. "तुझे हात ओले असतात. आणि तू तोंड इथून लपवतेस." तिने हाताचा पंजा नाकाखाली आडवा धरून दाखवला. मग आईचा चेहरा पाहून तिने विचारलं, "ती तू नाहीस?"

"नाही, बाळा."

"तरीच," टिल्ली म्हणाली. ती घाबरली वगैरे मुळीच नाही. उलट तिला वाईट वाटलेलं दिसलं. "तरीच तिला एवढी भूक असते. बिचारी."

बाबा पुढे झाला. त्याने टिल्लीला उचलून खुर्चीवर ठेवलं, बाकड्यावरची गादी खाली ओढली आणि झाकण वर केलं. आत काही नव्हतं. थोडी वाळू आणि तो भिजल्या फडक्याचा वास, इतका दाट की आईने ओढणीचं टोक नाकाला लावलं. बाबाने झाकण पूर्ण मागे टाकलं तेव्हा त्याची आतली बाजू उजेडात आली. बाहेरून बाकड्याला हिरवा रंग होता. आतून रंग उडालेला होता, आणि नुसता उडाला नव्हता. लाकूड गुळगुळीत झालं होतं आणि मधोमध खोलगट खळगा पडला होता, गुरांच्या मिठाच्या ढेकळाला चाटून चाटून पडतो तसा. खळगा ओला होता. नेमका टिल्ली बसायची त्या जागेखाली.

बाबाने झाकण सोडून दिलं. ते धाडकन आपटलं. त्याने मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले, आणि पडलेल्या आवाजात म्हणाला, "बॅगा भर. दुपारच्या आत निघायचं."

ज्या माणसाला दुसऱ्याचा पेला चालत नाही त्याला आणखी काही समजवावं लागत नाही.

६

कंपनीच्या ऑफिसातल्या बाईला बाबाने गटार तुंबल्याचं कारण सांगितलं. तिने किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळवून दिली. नवीन इमारत, पांढऱ्या भिंती, पलंगाखाली मोकळी जागा, बाकडं नाही. आईने कोपरा न् कोपरा हुंगला. रंगाचा वास येत होता, तो तिला अत्तरासारखा वाटला.

संध्याकाळी टिल्लीला मांडीवर घेऊन तिने घास पुढे केला. टिल्लीने तोंड मिटून घेतलं.

गोष्ट सांगितली. चिमणीचा घास, काऊचा घास. बाबाने स्वतःच्या चमच्याने स्वतःच्या ताटलीतलं भरवलं, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. टिल्ली मान फिरवत राहिली. ती हट्ट करत नव्हती, रडत नव्हती. घास ओठांना लागला की तिला उमासा यायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं.

शुक्रवारी सकाळीही तेच. दूध नाही, केळं नाही, बिस्किटाचा कणही नाही. फक्त पाणी. त्यांनी जवळचा डॉक्टर गाठला. त्याने घसा बघितला, पोट दाबून बघितलं आणि काहीच दोष नाही म्हणाला. कालपासून पोटात अन्न नाही हे ऐकून मात्र त्याने टिल्लीचं मनगट दोन बोटांत धरलं आणि जरा जास्त वेळ धरून ठेवलं. उद्या संध्याकाळपर्यंत काही गेलं नाही तर दाखल करा, सलाइन लावू, असं तो म्हणाला.

शनिवारी सकाळी काट्यावर चौदा किलो नऊशे. आईने ते वहीत लिहिलं नाही. सासूबाईंचा फोन वाजत होता, तो तिने उचलला नाही. काय सांगणार होती? वाळवून आणशील म्हणत होतात, ते खरं झालं म्हणून?

"तिला जरा उन्हात नेऊ," बाबा म्हणाला. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

७

किनाऱ्याला लागून एक ठेंगणा दगडी कठडा होता. दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं, दगड तापून कोरडे ठणठणीत झाले होते. लोक वाळूत आडवे पडले होते, पोरं किल्ले करत होती. आईने टिल्लीला कठड्यावर शेजारी बसवलं. पोर आता नीट बसूही शकत नव्हती, आईच्या दंडाला टेकून कलंडत होती. तिच्या तोंडाला उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा गोडसर वास येत होता. बाबा थंड पाणी आणायला समोरच्या दुकानाकडे गेला.

आईने पिशवीतून पाव काढला, मऊ भाग तोडला आणि टिल्लीच्या ओठांपाशी नेला.

"एवढाच. एवढा एकच खा, माझे आई."

"हा कोरडा आहे," टिल्ली पुटपुटली.

"दुधात बुडवू?"

टिल्लीने नाही म्हणून मान हलवली. "चावलेला नाही."

आईला समजायला वेळ लागला नाही.  दोन घास खाल्ले की मी संपवते, आणि मग? ताटली दर वेळी चाटून पुसून, आणि एक घास कडेला. ते घास सगळे आपल्याच वाट्याला आले असं ती धरून चालली होती. टिल्लीला तिच्या आधी किती मिळाले असतील, कशा प्रकारे मिळाले असतील, हे तिने विचारलंच नव्हतं. आता विचारायची तिची छाती झाली नाही.

डॉक्टर संध्याकाळी सुई टोचणार होता. आज टोचेल, उद्या टोचेल, आणि नंतर?

तिने पाव तोंडात टाकला आणि चावला. बारीक चावला, पातळ होईपर्यंत, जुन्या बायका दात न आलेल्या बाळांना देत तसा. मग तो हातावर काढला. कोमट, करडा, बुळबुळीत गोळा. तिच्याच तोंडातला, आणि तिलाच त्याच्याकडे बघवेना.

टिल्ली मात्र बघत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत चमक आली होती. तिने आवंढा गिळला आणि खालचा ओठ चाटला. तोंड मात्र उघडलं नाही.

"खा ना गं."

"आधी तिला," टिल्ली म्हणाली.

आईच्या पाठीवर तापलं ऊन होतं, तरी तिथे थंड पाणी सोडल्यासारखं झालं. "ती राहिली तिकडे. त्या घरात. आपण निघून आलो ना?"

"नाही गं. चालून चालून दमलीय ती. आणि परवापासून तिनेही काही खाल्लं नाहीये." टिल्लीने आईच्या पलीकडे बोट केलं. "तिला दिल्याशिवाय मला कसं जाईल?"

आईने मान वळवली नाही, नुसती नजर खाली नेली. तिच्या दुसऱ्या बाजूला, तापलेल्या कोरड्या दगडावर, ओला डाग होता. तो वाळत नव्हता. तिच्या मांडीला लागून होता, आणि ती बघत असताना तिच्या कुर्त्याच्या काठाने ते पाणी हळूहळू वर चढत होतं.

दुकानापाशी बाबा पैसे देत होता, पाठमोरा. हाक मारली असती तर आला असता. येऊन काय करणार होता? टिल्लीला उचलून आणखी लांब नेणार, आणखी एका पांढऱ्या खोलीत, आणि तिथे ती तोंड मिटून बसणार.

आईने डोळे घट्ट मिटले आणि हाताचा तळवा त्या बाजूला पुढे केला.

आधी वास आला. मग तळव्यावर गार श्वास. मग ओठ टेकले, मऊ, पाण्यात फार दिवस राहिल्यासारखे सैल, आणि त्यांच्या मागून दात, जे तिला बघायचे नव्हते आणि जे तिचा हात मोजत होता, तिच्या इच्छेविरुद्ध, सवयीने. चावा बसला नाही. फार नीट, फार अदबीने, गोळा उचलला गेला. मग जीभ बोटांच्या बेचक्यांतून फिरली आणि उरलंसुरलं घेऊन गेली. आईच्या घशाशी ओकारी आली, ती तिने गिळली, कारण पुढचा घास चावायला तोंड लागणार होतं.

तिने दुसरा तुकडा तोडला, चावला, तळव्यावर काढला. तो तळवा अजून ओला होता. दुसरा हात टिल्लीला सावरण्यात गुंतला होता.

"आ," असं म्हणून टिल्लीने तोंड उघडलं.

तिने घास घेतला. गालात धरून ठेवला नाही. गिळला. आईने तिच्या गळ्याला बोट लावून पाहिलं, ती बारीकशी हालचाल खरंच झाली होती, घास खाली गेला होता. तिला रडू फुटलं, आनंदाचं, आणि त्या आनंदात इतकी किळस कालवलेली होती की एक बाजूला काढून दुसरी ठेवता आली नसती.

"अजून," टिल्ली म्हणाली.

बाबा पाण्याची बाटली घेऊन रस्ता ओलांडत होता. त्याने लांबूनच पाहिलं की पोरगी खातेय, आणि दोन्ही हात वर करून तो हसला. आईने त्याच्याकडे बघून मान डोलावली, पावाचा मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि दोघींसाठी चावायला लागली.